चेरीवाले इन्ग्रॅमसाहेब



चरित्राच्या या पानावर आपण आतापर्यंत बहुतेक आपल्याच माणसांची ओळख करून घेतली. या वेळी आम्ही एका इंग्रज माणसाची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचे नाव कॉलिंगवुड इन्ग्रॅम. लोक त्यांना चेरी इन्ग्रॅम म्हणत. आपल्याकडे जसे आंबेवाले जोशी किंवा घड्याळवाले कुलकर्णी असतात, तसे हे चेरीवाले इन्ग्रॅम. पण ते चेरी विकत नसत, आणि खायच्या चेरीशी त्यांचा फारसा संबंधही नव्हता. त्यांचा जीव जडला होता तो फुलांच्या चेरीवर, म्हणजे जपानी लोक ज्याला साकुरा म्हणतात त्या झाडावर.

त्यांचे घर केंट परगण्यात, बेनेंडन नावाच्या खेड्यात होते. लंडनहून सकाळी निघालो तर तिथे जाऊन संध्याकाळी सहज परत येता येईल, इतके ते जवळ. आपल्या रस्त्यांवर एप्रिल महिन्यात जी गुलाबी-पांढरी झाडे फुलतात, त्यांच्यामागे या गृहस्थांची बरीच मेहनत आहे. आणि त्यांनी जे केले ते कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराला लगेच समजेल, कारण त्याच्या मुळाशी आहे आपल्या ओळखीची एक गोष्ट : कलम. त्याबद्दल पुढे सांगू.

इन्ग्रॅम यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८० रोजी लंडनमध्ये झाला. घराणे श्रीमंत होते. त्यांचे आजोबा हर्बर्ट इन्ग्रॅम यांनी १८४२ साली इलस्ट्रेटेड लंडन न्यूज हे साप्ताहिक सुरू केले. चित्रांनी भरलेले बातमीपत्र ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती, आणि ते तुफान खपले. हे आजोबा १८६० साली अमेरिकेत मिशिगन सरोवरात बोट बुडून वारले. पुढे मुलाने, म्हणजे कॉलिंगवुडच्या वडिलांनी, तो व्यवसाय सांभाळला. आई मूळची ऑस्ट्रेलियाची.

कॉलिंगवुड लहानपणी फार अशक्त होता. म्हणून त्याला शाळेत न घालता घरीच शिकवले. (हे वाचून आमच्या काही विद्यार्थ्यांचे डोळे चमकले असतील. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की घरी शिकवणीला मास्तर येत.) केंटच्या किनाऱ्यावर वेस्टगेट इथे त्याचे बालपण गेले. समुद्राची हवा, मोकळी शेते आणि हाताशी भरपूर वेळ. मुलगा दिवसभर पक्ष्यांच्या मागे हिंडू लागला. कोणता पक्षी कुठे घरटे बांधतो, अंडी कशी दिसतात, आवाज कसा काढतो, हे तो वहीत टिपून ठेवी आणि चित्रेही काढी. घरातही प्राण्या-पक्ष्यांची रेलचेल होती. आईने जपानी जातीची छोटी कुत्री पाळली होती.

वडिलांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची फॅशन होती, आणि त्यापायी न्यू गिनीच्या बाजूचे सुंदर पक्षी, ज्यांना बर्ड ऑफ पॅरडाइज म्हणतात, ते हजारोंनी मारले जात. कॉलिंगवुडच्या वडिलांनी वेस्ट इंडीजमधले लिटल टोबॅगो नावाचे बेट विकत घेतले आणि १९०९ साली हे पक्षी जहाजातून नेऊन तिथे सोडले. आपल्या मुलखात मारले गेले तरी निदान दुसरीकडे त्यांचा वंश राहील, असा हिशोब. ते पक्षी तिथे काही दशके टिकले. मुलाने पुढे झाडांच्या बाबतीत जे केले, त्याचे बीज आम्हाला इथे दिसते.

विशीत आल्यावर इन्ग्रॅम यांनी पक्ष्यांसाठी प्रवास सुरू केला. १९०२ साली ते पहिल्यांदा जपानला गेले आणि तो देश त्यांना मनापासून आवडला. १९०७ साली पुन्हा गेले. दोन्ही वेळा डोक्यात पक्षी होते, झाडे नव्हेत. नंतर पहिले महायुद्ध आले. इन्ग्रॅम विमानदलात दाखल झाले. त्यांचे काम विमानातले होकायंत्र तपासून नीट लावून देण्याचे होते. होकायंत्र चुकले तर वैमानिक ढगात वाट चुकून शत्रूच्या हद्दीत उतरायचा, म्हणून हे काम फार जोखमीचे. पण तिथेही त्यांची जुनी सवय सुटली नाही. परतलेल्या वैमानिकांना ते विचारत की वर पक्षी दिसले का आणि किती उंचीवर दिसले. फ्रान्समधल्या त्या दिवसांची त्यांची रोजनिशी आणि चित्रे २०१४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत.

युद्ध संपल्यावर १९१९ साली ते बायकामुलांना घेऊन बेनेंडनच्या ग्रेंज या मोठ्या घरात राहायला आले. घराभोवती भरपूर जमीन होती, पण बाग म्हणावी असे काही नव्हते. फक्त जुन्या मालकाच्या वेळची चेरीची दोन मोठी झाडे होती. पुढच्या वसंतात ती फुलली. फिकट गुलाबी फुलांनी झाड असे भरून गेले की फांदी दिसेना. इन्ग्रॅम यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर ठरवले की आता पक्षी पुरे, यापुढे चेरी. या दोन झाडांच्या प्रकाराला त्यांनी जपानचे प्रसिद्ध चित्रकार होकुसाई यांचे नाव दिले, आणि ते नाव आजही चालते.

आता जरा झाडाविषयी. चेरी ही गुलाबाच्या कुळातली. सफरचंद, बदाम, पीच, आलुबुखार, स्ट्रॉबेरी, आपल्या कुंपणातली ब्लॅकबेरी, ही सगळी याच घरातली भावंडे. साध्या चेरीचे फूल आणि रानगुलाबाचे फूल शेजारी ठेवून पाहा. दोघांना पाच पाच पाकळ्या आणि मधोमध केसरांचा झुपका. पळस किंवा पांगारा जसा पाने झडल्यावर उघड्या फांद्यांवर फुलतो, तशाच चेरीच्या पुष्कळ जाती पाने येण्याआधी किंवा पानांच्या बरोबरीने फुलतात. या झाडाला हिवाळ्याची चांगली थंडी लागते, म्हणून महाराष्ट्राच्या सपाटीवर ते होत नाही. भारतात मात्र चेरीची एक बहीण आहे. हिमालयात आणि शिलाँगकडे ती रानात वाढते आणि बहुतेक झाडे झोपायला निघतात तेव्हा, शरदात, फुलते. आपल्या आजीच्या काढ्यात किंवा वैद्यांच्या यादीत पद्मकाष्ठ हे नाव आले तर समजावे की ते तिचेच लाकूड.

आणि आता कलम. आमच्या वर्गात मुलांना विचारले तर कलम म्हणजे पेन, एवढेच बहुतेकांना ठाऊक होते. एका मुलाने कायद्याचे कलम सांगितले, तेही बरोबर. पण कोकणात कलम म्हटले की आंबा डोळ्यांसमोर येतो. हापूसची कोय पेरली तर तिच्यातून हापूसच येईल असे नाही, आंबा वेगळा निघण्याचीच शक्यता जास्त. म्हणून हापूसच्या झाडाची काडी घेऊन ती दुसऱ्या साध्या रोपावर बसवतात. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. खुंट मुळे पुरवतो, काडी हापूस देते. गोव्यात पोर्तुगीजांनी या कलमांना चालना दिली आणि तिथून ती आपल्या किनाऱ्यावर पसरली.

शोभेच्या चेरीचेही नेमके असेच आहे. शेकडो वर्षे जपानी माळ्यांनी निवडून निवडून चेरीचे प्रकार तयार केले. कुणाला शंभर पाकळ्या, कुणाला फिकट पिवळी फुले, कुणाच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या. यातल्या बऱ्याच प्रकारांना बी धरतच नाही, आणि धरले तरी पेरल्यावर तसेच झाड येत नाही. प्रकार टिकवायचा तर कुणीतरी हिवाळ्याच्या अखेरीस काडी कापायची आणि रानचेरीच्या खुंटावर पाचर कलम करून बांधायची, नाहीतर उन्हाळ्यात डोळा भरायचा. झाड साठ-ऐंशी वर्षांनी थकते. त्याआधी काडी घेतली गेली नाही तर तो प्रकार त्या झाडाबरोबर संपला. जगात दुसरीकडे कुठे त्याचे कलम असेल तरच तो परत मिळणार. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, म्हणून मुलांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

इन्ग्रॅम यांनी जपानच्या रोपवाटिकांतून, अमेरिकेतून, इंग्लंडमधल्या ओळखीच्या बागांतून प्रकार गोळा करायला सुरुवात केली. हळूहळू बेनेंडनच्या बागेत शंभराहून अधिक प्रकार झाले. नावांचा फार गोंधळ होता. एकाच झाडाला तीन नावे, आणि एकाच नावाची तीन झाडे. इन्ग्रॅम फुलांची चित्रे काढून, पाकळ्या आणि पाने मोजून-मापून तो गुंता सोडवत बसत. पक्षी पाहण्याची सवय इथे कामी आली.

१९२३ साली ससेक्समधल्या विंचेल्सी गावी एका बाईंच्या बागेत त्यांनी एक चेरी पाहिली. झाड जवळजवळ मेलेले होते. एखाददुसरी फांदी जिवंत, पण तिच्यावरची फुले इतकी मोठी आणि शुभ्र, की तसे फूल इन्ग्रॅम यांनी कुठेच पाहिले नव्हते. त्या बाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी फ्रान्समधून जपानी चेरीची काही रोपे आणली होती, त्यांतले हे एक. नाव काय, त्यांना माहीत नव्हते. इन्ग्रॅम यांनी काड्या मागून घेतल्या, घरी आणून कलमे बांधली आणि ती जगली. आम्हाला राहून राहून वाटते, ते दोन-तीन वर्षे उशिरा तिथे गेले असते तर?

१९२६ च्या वसंतात इन्ग्रॅम तिसऱ्यांदा जपानला निघाले. या वेळी फक्त चेरीसाठी. मनात होते की जन्मभूमीत या झाडाचे वैभव पाहावे आणि आपल्याकडे नसलेले प्रकार आणावेत. पण जे दिसले त्याने ते खिन्न झाले. रानातल्या चेरी डोंगरांवर होत्या, योशिनोचे डोंगर अजून फुलत होते, पण बागांतले जुने प्रकार शोधावे लागत.

असे का झाले होते? पूर्वी जपानात मोठमोठे सरदार असत आणि एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, त्यांच्या वाड्यांना बागा असत. दुसऱ्याच्या बागेत नाही अशी चेरी आपल्याकडे असावी, ही त्यांची हौस. १८६८ साली राजवट बदलली, सरदारांची सत्ता गेली, वाडे ओस पडले आणि बागा तोडून तिथे इमारती आल्या. देशाला रेल्वे हवी होती, कारखाने हवे होते. शंभर पाकळ्यांची चेरी कोण सांभाळणार? त्याच सुमारास सोमेइ-योशिनो नावाची एक चेरी लोकप्रिय झाली. ती स्वस्त होती, भराभर वाढायची, लहान वयात फुलायची आणि एकदम ढगासारखी फुलायची. शाळा, नद्यांचे काठ, देवळे, लष्कराच्या छावण्या, जिकडे तिकडे तीच लावली गेली. ही सगळी झाडे कलमाने केलेली, म्हणजे खरे तर एकाच झाडाच्या फांद्या म्हणायच्या. म्हणून तर ती एका शहरात एकाच वेळी फुलतात आणि एकाच वेळी झडतात. सोमेइ-योशिनो दिसायला सुरेख आहे, यात वाद नाही. पण सगळीकडे एकच झाड म्हणजे रोग आला तर सगळ्यांना एकदम, आणि तिच्या गर्दीत बाकीच्यांना जागा नाही. इन्ग्रॅम यांनी टोकियोत चेरीप्रेमी मंडळींच्या सभेत भाषण केले आणि त्यांना स्पष्ट सांगितले की तुमचे जुने प्रकार तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत. परक्या देशातून आलेल्या पाहुण्याने यजमानांना असे सांगणे सोपे नसते. पण मंडळींनी ते ऐकून घेतले, कारण त्यांतल्या जाणत्यांना तीच काळजी होती.

अशा जाणत्यांपैकी एक होते फुनात्सु सेइसाकु. टोकियोजवळ अराकावा नदीच्या बांधावर १८८६ साली चेरीचे ७८ प्रकार लावले गेले होते, सरदारांच्या बागांतून वाचलेले. त्यांची निगा राखण्यात फुनात्सु यांचे आयुष्य गेले होते. इन्ग्रॅम त्यांच्या घरी गेले तेव्हा या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकेक करून चेरीच्या चित्रांच्या गुंडाळ्या उलगडून दाखवल्या. शेवटी त्यांनी एक चित्र काढले. त्यांच्या पणजोबांनी सुमारे १३० वर्षांपूर्वी काढलेले. मोठ्या, शुभ्र, एकेरी फुलांची चेरी. हा प्रकार पूर्वी क्योतोजवळ असे, पण आता कुठेच उरला नाही, आपण पुष्कळ शोधला पण सापडला नाही, असे त्यांनी सांगितले.

इन्ग्रॅम यांनी चित्र पाहिले आणि ओळखले. हीच ती विंचेल्सीची चेरी. त्यांनी सांगितले की हे झाड केंटमध्ये माझ्या बागेत वाढते आहे. फुनात्सु यांनी नम्रपणे वाकून नमस्कार केला. इन्ग्रॅम यांना मात्र वाटले की त्यांचा यावर विश्वास बसलेला नाही. बसणार तरी कसा? आपल्या गावातून नाहीसे झालेले झाड सातासमुद्रापार एका साहेबाच्या परसात आहे, असे आपल्याला कुणी सांगितले तर आपणही हसून मान डोलावली असती.

त्या झाडाचे नाव पडले ताइहाकु. अर्थ सोपा आहे : मोठी पांढरी.

मग इन्ग्रॅम यांनी ठरवले की ताइहाकु तिच्या घरी परत पाठवायची. ऐकायला सोपे वाटते. काड्या कापायच्या, बांधायच्या, बोटीत ठेवायच्या. पण बोट जाणार भूमध्य समुद्रातून, सुएझमधून, तांबड्या समुद्रातून, हिंदी महासागरातून, सिंगापूरला वळसा घालून. कित्येक आठवड्यांचा प्रवास आणि मध्ये विषुववृत्ताजवळचा उकाडा. काडीवरचे डोळे थंडीत झोपलेले असतात. उष्णता लागली की त्यांना वाटते वसंत आला, ते जागे होतात, आणि पाणी नसल्याने वाळून जातात. पहिले प्रयत्न असेच वाया गेले. क्योतोत पोचल्या त्या काटक्या, जळणाला उपयोगी अशा.

इन्ग्रॅम यांनी मग रस्ता बदलला. समुद्राऐवजी जमिनीवरून, रशियातून जाणाऱ्या सैबेरियन रेल्वेने पार्सल पाठवायचे. त्या वाटेवर उकाड्याचे भय नाही. राहिला प्रश्न ओलाव्याचा. त्यावर तोडगा कुठला, तर बटाटा! काड्यांची कापलेली टोके बटाट्यात खोचून दिली. बटाट्यात पाणी भरपूर, आणि तो सांडत नाही, फुटत नाही, लवकर सुकत नाही. १९३२ साली अशा काड्या क्योतोत सानो तोएमोन यांच्याकडे जिवंत पोचल्या. सानो हे पिढ्यान्‌पिढ्यांचे माळी. प्रत्येक पिढीतला कर्ता माणूस तोएमोन हेच नाव घेतो. त्यांनी कलमे बांधली, ती धरली, आणि पुढे ताइहाकु पुन्हा क्योतोत फुलली. आज जगात ताइहाकु या नावाने जी झाडे आहेत, ती सगळी विंचेल्सीच्या त्या मरणपंथाला लागलेल्या एका झाडाची लेकरे आहेत. ज्यांना घरी प्रयोग करायचा असेल त्यांनी आईला विचारून एक बटाटा घ्यावा आणि गुलाबाची काडी खोचून पाहावी.

अराकावाच्या बांधाची हकीकतही थोडक्यात सांगतो, कारण ती अशीच आहे. १९१२ साली जपानने अमेरिकेला वॉशिंग्टनमध्ये लावण्यासाठी ३,०२० चेरी भेट दिल्या. त्यांच्या काड्या अराकावाच्या बांधावरच्याच होत्या. पुढे शहराचा धूर आणि नंतर युद्ध यांत तो बांध उजाड झाला. तेव्हा १९५२ साली वॉशिंग्टनहून काड्या उलट टोकियोकडे गेल्या.

युद्धाचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगितले पाहिजे. १९३० नंतर जपानी लष्कराने चेरीच्या फुलाला वेगळाच अर्थ चिकटवला. फूल जसे पूर्ण उमललेले असतानाच गळते, तसे तरुणांनी सम्राटासाठी हसत मरावे. युद्धाच्या शेवटी वैमानिकाला घेऊन शत्रूच्या जहाजावर आदळणाऱ्या विमानाला त्यांनी ओका, म्हणजे चेरीचे फूल, हेच नाव दिले होते. इकडे ब्रिटन आणि जपान १९४१ पासून एकमेकांचे शत्रू होते. साठी ओलांडलेले इन्ग्रॅम बेनेंडनच्या होम गार्डचे प्रमुख म्हणून गावाच्या रक्षणाच्या कामात होते. आणि त्यांच्या बागेत जपानी चेरी दरवर्षी फुलत होत्या. झाडांवर राग काढावा असे त्यांना वाटले नाही. युद्ध संपून तीनच वर्षे झाली होती तेव्हा, १९४८ साली, त्यांचा शोभेच्या चेरींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजीत या विषयावर इतके सविस्तर पुस्तक तोवर नव्हते. १९५२ साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना व्हिक्टोरिया मेडल ऑफ ऑनर हे मोठे पदक दिले.

इन्ग्रॅम जुने प्रकार जपून थांबले नाहीत, त्यांनी नवेही तयार केले. एका जातीचे पराग घेऊन दुसऱ्या जातीच्या फुलावर लावायचे, बी धरले की पेरायचे आणि फुले येईपर्यंत काही वर्षे वाट पाहायची. त्यांच्या ओकामे नावाच्या चेरीला मार्च महिन्यातच गर्द गुलाबी फुले येतात. लहान झाड असल्याने ती छोट्या घराच्या बागेतही मावते. एका उंच सरळ वाढणाऱ्या पांढऱ्या चेरीला त्यांनी उमिनेको नाव दिले. या जपानी शब्दाचा अर्थ समुद्री मांजर, पण ते आहे एका समुद्रपक्ष्याचे नाव, कारण तो मांजरासारखा ओरडतो. पक्षी मनातून गेले नव्हते, हे यावरून दिसते. तिसऱ्या एका चेरीचे नाव कुरसार. हे नाव त्यांनी तिच्या आईवडिलांच्या शास्त्रीय नावांची पहिली अक्षरे जोडून केले. पुढे लक्षात आले की सार ज्याच्यावरून घेतले तो बाप नव्हेच, पराग दुसऱ्याच जातीचे होते. पण नाव एकदा पडले ते पडले. बारशानंतर नाव बदलणे झाडांच्या दुनियेतही सोपे नाही.

आपल्या रस्त्यांवर जी भडक गुलाबी, गोंड्यासारखी भरगच्च फुलांची चेरी सगळीकडे दिसते, तिचे नाव कान्झान. चेरी म्हटले की आपल्या मुलांना तीच आठवते. इन्ग्रॅम यांना ती फारशी आवडत नसे. त्यांच्या मते ती जरा जास्तच नटलेली होती, आणि ती इतकी लावली गेली की बाकीच्यांना कुणी विचारीना. आम्हाला स्वतःला कान्झान आवडते. पण त्यांचे म्हणणे समजते. जेवणात फक्त श्रीखंडच वाढले तर काय होईल?

इन्ग्रॅम दीर्घायुषी ठरले. म्हातारपणीही ते बागेत काम करीत. पक्ष्यांवर लिहिणे त्यांनी सोडले नव्हते, पाकोळीसारख्या उडणाऱ्या स्वॅलो पक्ष्याच्या स्थलांतरावरचे त्यांचे पुस्तक १९७४ साली निघाले, तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते. वयाची शंभरी पूर्ण करून १९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मूळ बाग आज पूर्वीसारखी राहिलेली नाही. चेरीचे आयुष्य आपण वर पाहिलेच. पण त्यांच्या काड्या जगभर गेल्या आहेत. आबे नाओको या जपानी लेखिकेने त्यांचे मोठे चरित्र लिहिले आहे. ते २०१६ साली जपानीत आणि २०१९ साली इंग्रजीत आले. मोठ्या मुलांनी वाचनालयात जरूर मागावे. आणि २०१९ सालापासून जपानने ब्रिटनला मैत्रीची भेट म्हणून हजारो चेरी दिल्या. त्यांत मुख्य प्रकार तीन होते : बेनि-युताका, सोमेइ-योशिनो आणि आपली ताइहाकु.

ताइहाकु ओळखायची कशी? फूल एकेरी, पांढरे, सुमारे सहा सेंटीमीटर रुंद, म्हणजे चहाच्या पेल्याचे तोंड जवळजवळ झाकेल एवढे. फुलांबरोबर कोवळी पाने येतात ती पिंपळाच्या पालवीसारखी तांबूस. एवढे पांढरे फूल आणि तांबूस पान एकत्र दिसले तर ती ताइहाकुच असण्याचा संभव फार.

ज्या पालकांच्या घरामागे जागा आहे आणि ज्यांना लावायची आहे त्यांच्यासाठी थोडे. मातीशिवायचे उघड्या मुळांचे रोप नोव्हेंबर ते मार्चमध्ये मिळते आणि ते कुंडीतल्या रोपापेक्षा स्वस्त पडते. ऊन भरपूर हवे. पाणी साचणारी जागा नको, चेरीची मुळे वरवर असतात आणि ती चिखलात कुजतात. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्या. खुंटाला खालून फुटवे आले तर ते वेळीच काढा, नाहीतर रानचेरी वाढेल आणि ताइहाकु मागे पडेल. आणि छाटणी करायचीच असेल तर ती जून ते ऑगस्टमध्ये, कोरड्या दिवशी. हिवाळ्यात कापले तर त्या जखमेतून सिल्व्हर लीफ नावाचा बुरशीचा रोग शिरतो. ताइहाकु रुंद पसरते, तेव्हा शेजाऱ्यांच्या कुंपणापासून चांगली लांब लावा.

ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी नॉर्थम्बरलँडमध्ये ॲनिक इथल्या बागेत जावे. नावाच्या स्पेलिंगवर जाऊ नका, त्यातली दोन अक्षरे उच्चारत नाहीत. तिथे ताइहाकुची ३२९ झाडे एकाच ठिकाणी लावली आहेत. उत्तरेकडे थंडी जास्त, त्यामुळे बहर दक्षिणेपेक्षा उशिरा येतो, साधारण एप्रिलच्या अखेरीस, आणि वारापाऊस आला तर आठवड्यातच संपतो. निघण्याआधी फोन करून फुले आहेत का ते विचारून घ्यावे.